जिथलं पान तिथं

“मग माझं चुकलं कुठे, तेवढं सांगा!”

निरंजन ठोसरने हे पुन्हा विचारलं. या खेपेला आवाज जरा चढला होता.

दयाळगिरी महाराजांनी मान वर केली नाही. मठाच्या ओट्यावर पळसाच्या पानांचा ढीग पुढ्यात घेऊन ते पत्रावळी लावत बसले होते. पानावर पान, मध्ये बांबूची बारीक काडी. टोचली, मोडली. पुन्हा पान.

निरंजन उठला. ओट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, परत आला, बसला. घड्याळ पाहिलं. पुन्हा उठला.

आश्विन सरत आला होता. सकाळचं ऊन, पण अंगाला चटके बसत होते. तालुक्याच्या गावाहून बोरखडीला दर तासाला एसटी येते. निरंजन मात्र सायकल मारत आला होता. तो त्याचा बाणा होता. आणि भेटणाऱ्याला तो बाणा पहिल्या दोन वाक्यांतच कळेल, याची काळजीही तोच घेत असे.

इथे आल्या आल्या त्याने घामाघूम चेहऱ्याने सांगून पाहिलं होतं, “सायकलवर आलो, महाराज. पेट्रोल जाळायचं नाही असं ठरवलंय.”

“बरं केलं,” महाराज म्हणाले होते. “पानी प्या.”

एवढंच. ना वाहवा, ना टाळी. निरंजनला याची सवय नव्हती.

ठोसरांचं ‘हिरवं घर’ तालुक्यात गाजलेलं होतं. मुलांना पर्यावरणाच्या सवयी कशा लावाव्यात यावर निरंजन शाळाशाळांत बोलत असे, आणि बोले ते घरी करूनही दाखवत असे. अंघोळ एका बादलीत. खोलीतून निघताना दिवा बंद. प्लास्टिक उंबऱ्याबाहेर. भाजीची देठं खताच्या पिंपात. गणपती शाडूचा, दिवाळी बिनफटाक्यांची. यात वावगं काहीच नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर कुणीतरी ही गोष्ट वाचून उद्या नळ उघडा टाकायचं आणि नाव महाराजांचं घ्यायचं.

पण गेले काही दिवस निरंजनच्या जिवाला चैन नव्हतं.

दिवाळीची सुट्टी लागताच त्याची नऊ वर्षांची मुलगी जुई मामाकडे, बोरखडीला, निघून आली होती. चार दिवसांत परत यायचं ठरलं होतं. काल संध्याकाळी तिचा फोन आला.

“बाबा, मी दिवाळी इथेच करते.”

“का गं?”

“असंच.”

रडली असती, हट्ट केला असता, तर निरंजनकडे त्यावर उपाय होते. ‘असंच’ला त्याच्याकडे उपाय नव्हता. तो लगेच सायकलला हवा भरायला धावला, तेव्हा बायको दारात आली. रेवती मुळात मितभाषी. ती एवढंच म्हणाली, “आणायला जाणार असशील तर आधी महाराजांना भेट. मग दादाच्या घरात पाऊल ठेव.”

बोरखडी तिचं माहेर. मठावर तिच्या माहेरची तीन पिढ्यांची श्रद्धा. निरंजनची कुणावरच नव्हती. तरी तो आला, कारण रेवतीने त्याला असं काही पहिल्यांदाच बजावून सांगितलं होतं.

आणि आता हा म्हातारा पानं टोचत बसला होता.

नाव दयाळगिरी, पण गावात म्हणत, महाराजांच्या नावातली दया जिभेपर्यंत पोचता पोचता वाटेत कुठेतरी सांडली.

“महाराज…”

“हं.”

“गाभाऱ्यात दिवा जळतोय.”

“जळतोय.”

“दिवसाढवळ्या? एवढा उजेड असताना?” निरंजनला राहवलं नाही. “वर्षाचं तेल किती होत असेल…”

“त्याला दिवस उगवल्याचं कुनी सांगितलंच न्हाई,” महाराज म्हणाले. “तुमी सांगून बघा. तुमचं समदे ऐकत्यात.”

निरंजनने गाभाऱ्याकडे पाठ फिरवली. टोला बसला होता.

महाराजांनी पानांचा एक जुडगा त्याच्याकडे सरकवला. सोबत काड्या.

“लावा. हाताला काम असलं की तोंडाला विसावा मिळतो, जावईबापू.”

जावईबापूंनी पान घेतलं. काडी टोचली. पान फाटलं. दुसरं घेतलं, तेही फाटलं. तिसऱ्याला त्याने दात ओठ खाऊन इतके टाके घातले की पानापेक्षा काड्याच जास्त दिसू लागल्या.

“काय म्हनते पोरगी?” महाराजांनी विचारलं.

“येत नाही म्हणते. का, ते सांगत नाही.”

“घरी पानी जपती का?”

“जपते की. मोजून तांब्या घेते.”

“दिवे बंद करती?”

“मला सांगावंसुद्धा लागत नाही. धाकटा मल्हार विसरला तर त्याच्या मागे जाऊन बंद करते.”

“ताटात टाकत न्हाई?”

“शीत टाकत नाही.”

“मंग तर झालंच की समदं!” महाराज म्हणाले. “लोकांची पोरं ऐकत न्हाईत म्हनून लोक येत्यात हितं. तुमची ऐकते म्हनून तुमी आलाय.”

“महाराज, ती ऐकते… पण बोलत नाही.”

“म्हंजे?”

“म्हणजे… विचारलं की हो, नाही. जेवलीस का? हो. अभ्यास झाला? हो. बरं वाटतंय ना? हो.” निरंजनच्या हातातलं पान चुरगळलं. “पूर्वी डोकं उठवायची बडबडून.”

“सांगाल ते ऐकनारं लेकरू पायजे हुतं, ते मिळालं. आता बोलनारं बी पायजे व्हय?”

निरंजनला राग आला. खरं तर रागापेक्षा भीती जास्त होती, पण रागाने बोलणं सोपं जातं.

“मी तिच्या भल्यासाठीच करतोय ना हे सगळं? उद्या तिलाच राहायचंय या पृथ्वीवर! पाणी संपलं तर तिच्या पिढीचं संपणार. मी काय, जाईन आणखी वीसतीस वर्षांनी!”

“खरं हाय.”

“मग?”

“खरंच हाय म्हनतोय की.”

काडी टोचली. मोडली.

जो वाद घालायला तयार आहे त्याच्याशी बोलता येतं. ‘खरं हाय’ म्हणणाऱ्या माणसाशी काय बोलणार? निरंजन पुन्हा उठला. ओट्याच्या कडेला गेला. खाली मळ्यात हस्ताच्या पावसावर तरारलेली ज्वारी वाऱ्यावर हलत होती. गावातली कौलं दिसत होती. त्यातलंच एक मेहुण्याचं घर. जुई आत्ता तिथे काय करत असेल? उठली असेल का? वेणी कोणी घातली असेल?

“काल आली हुती जुई,” मागून आवाज आला.

निरंजन गर्रकन वळला. “इथे?”

“रोज येते मामीसंगं. द्वादशीच्या पंगतीला पत्रावळी लागत्यात. लावू लागते.”

“काय म्हणते?”

“म्हनते कुठं? गाते.”

“काय करते?”

“गाते. भोंडल्याची गानी. लई मोठ्यानं. झाडावरली पाखरं उडत्यात.”

निरंजन उभा होता तिथेच राहिला. घरात जुईचं गाणं शेवटचं कधी ऐकलं ते तो पुटपुटत आठवू लागला. घटस्थापनेला गात होती. अष्टमीला गच्चीवर मैत्रिणींबरोबर फेर धरला होता, तेव्हाही. त्यानंतर?

त्यानंतर नाही. आणि गाणं थांबलं हे त्याच्या आत्ता, या परक्या ओट्यावर, दुसऱ्याने सांगितल्यावर लक्षात येत होतं.

“दसऱ्याला काय झालं?” महाराजांनी विचारलं.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुनी न्हाई. तुमचं तोंड दसऱ्यापाशी येऊन थांबलं.”

निरंजन खाली बसला. आणि गंमत पाहा: सांगायला तोंड उघडलं मात्र, त्याचा आवाज बदलला. पाठ ताठ झाली. ही गोष्ट त्याने सभांमधून सांगितली होती. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं बसलेलं होतं.

“दसऱ्याला लोक आपट्याची झाडं अक्षरशः ओरबाडतात. फांद्याच्या फांद्या तोडून बाजारात ढीग लावतात. म्हणून मी ठरवलं, आपल्या घरी सोनं घ्यायचं नाही, द्यायचं नाही. फाटकावर तशी पाटी लावली. कॉलनीतले लोक आले, नुसता नमस्कार केला, गोड खाल्लं. सगळ्यांना पटलं. आणि तेवढ्यात, महाराज, आमची जुई धावत आली. नवा परकर, केसांत शेवंती. हातात आपट्याचं एक पान. माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, बाबा, सोनं घ्या…”

इथे तो थांबला. इथे सभेत लोक हसतात.

महाराज हसले नाहीत.

“मंग?”

“मी घेतलं नाही. हात मागे घेतले. दहापंधरा माणसं होती, सगळ्यांदेखत. वाटलं, घरच्यांनाच सूट दिली तर लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी तिला शांतपणे म्हणालो, जुई, हे माझं नाही, झाडाचं आहे. ज्याचं त्याला परत देऊन ये.”

“ती काय म्हनाली?”

“काही नाही. पाया पडायला वाकली होती, ती सरळ झाली. पानाकडे पाहिलं. आणि गेली.” त्याने आवाज खाली आणला. सवयीनेच. “दिवेलागण झाली तरी परत येईना. आम्ही शोधायला निघालो. शाळेमागे आपट्याचं झाड आहे, तिथे सापडली. दगडावर दगड रचून वर उभी. महाराज, पोरगी पान झाडाला बांधत होती! नव्या परकराच्या काठाचा दोरा ओढून काढला होता, आणि त्याने पान फांदीला बांधत होती…”

महाराजांच्या हातातली काडी थांबली.

“…तेव्हा मला कळलं, सवय म्हणजे काय. संस्कार मुरला, महाराज! झाडाचं पान झाडाला परत द्यावं असं एका नऊ वर्षांच्या मुलीला आतून वाटलं!”

टाळ्यांची जागा आली आणि गेली. ओट्यावर नुसती पळसाची पानं वाऱ्याने सळसळली.

“ही गोष्ट तुमी लोकांना सांगता?” महाराजांनी विचारलं.

“सांगतो. लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं.”

“तिच्या शाळेत बी सांगितली?”

“हो… सुट्टी लागायच्या आधी कार्यक्रम होता.”

“ती हुती?”

“पहिल्या रांगेत.”

“पोरं काय म्हनाली?”

“पोरं काय, हसली. पोरंच ती. पण नंतर टाळ्या केवढ्या पडल्या…”

“जुईनं वाजवल्या?”

निरंजनला तो क्षण दिसला. व्यासपीठावरून त्याने तेव्हाही पाहिला होता, पण तेव्हा नुसता पाहिला होता.

“वाजवल्या,” तो म्हणाला. “बाई म्हणाल्या होत्या… सगळ्यांनी टाळ्या वाजवा.”



हातातली पत्रावळ बाजूला ठेवून, गुडघ्यावर हात टेकत महाराज उठले. पायांत खडावा सरकवल्या.

“चला.”

“कुठे?”

“आपट्याला.”

मठाच्या मागे, बारवेच्या काठाला आपट्याचं जुनं झाड होतं. वेडंवाकडं, खरबरीत सालीचं. या झाडाची गावात एक रीत होती. दसऱ्याला अख्खं बोरखडी इथे येई, पण फांदी मोडायची नाही, शेंडा ओढायचा नाही. माणशी एक पान, तेही झाडाला हात जोडून. आजवर कुणी रीत मोडली नव्हती. निरंजनला हे रेवतीकडून माहीत होतं. भाषणात तो बोरखडीचा दाखलाही देत असे.

महाराज झाडाखाली उभे राहिले. हात वर केला. हिरवंगार, जोडपान, चांगलं तळहाताएवढं. खुडलं.

“महाराज!”

“काय झालं?”

“पान तोडलंत तुम्ही!”

“व्हय का?” महाराजांनी हातातल्या पानाकडे निरखून पाहिलं. “चूक झाली.”

त्यांनी ते निरंजनच्या हातात ठेवलं.

“परत लावा.”

निरंजन हसला. महाराज हसले नाहीत. त्यांनी खांद्यावरच्या भगव्या छाटीचा काठ बोटांत धरला, एक दोरा ओढून काढला आणि तोही त्याच्या हातात दिला.

“ह्यानं बांधा. पोरीनं बांधलं तसं.”

“महाराज, हे…”

“जिथलं पान तिथं.”

आणि ते बारवेच्या कठड्यावर जाऊन बसले.

ही आपली परीक्षा आहे असं निरंजनला वाटलं. परीक्षेत नापास होणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने बाह्या सारल्या. फांदी खाली ओढली, देठ फांदीला लावला, दोरा गुंडाळला. आपट्याच्या पानाचा देठ केवढासा! दोरा घसरला. पान खाली पडलं.

उचललं. पुन्हा बांधलं. पान उलटं लटकलं.

“उताणं झालं,” कठड्यावरून आवाज आला. “तसं नव्हतं ते.”

त्याने सोडलं. पुन्हा बांधायला घेतलं. फांदीवरून मुंग्या मनगटावर चढल्या. फांदी सोडावी तर गाठ सुटते, फांदी धरावी तर मुंग्या झटकता येत नाहीत. मुंगी चावली. घाम डोळ्यांत उतरला. ऊन डोक्यावर आलं होतं, पान हातातल्या हातात मऊ पडत चाललं होतं, आणि दोरा… दोऱ्याचं टोक सापडेना.

पान पुन्हा पडलं.

“महाराज, बास!”

“का?”

“का म्हणजे? काहीतरीच काय! तोडलेलं पान परत लागत नसतं. नऊ वर्षांच्या पोरीलासुद्धा कळतं एवढं!”

बोलून गेला, आणि त्याचा हात फांदीवर तसाच राहिला.

बारवेत कुठेतरी पारवा घुमत होता…

“कळतं?” महाराजांनी विचारलं.

निरंजनने फांदी सोडली.

“मंग ती का बांधत हुती?”

निरंजनने तोंड उघडलं. सवय मुरली, संस्कार, आतून वाटलं… सगळे शब्द जिभेवर आले आणि तिथेच वाळले.

“मी म्हणालो होतो… परत देऊन ये.”

“आन् न्हाई देता आलं तर?”

“तर काही नाही! घरी येऊ नकोस असं मी म्हणालो नव्हतो!”

“न्हाई,” महाराज म्हणाले. “तसं तुमी म्हनाला नव्हता.”

अंधार पडत आलेला. दगडावर दगड. मुंग्या तिलाही चावल्या असतील. गाठ सुटली असेल, पुन्हा मारली असेल, पान पुन्हा पडलं असेल. तिचा हात तर फांदीला पोचतही नव्हता. आणि तो तिथे पोचल्यावर काय केलं होतं त्याने? आधी फोन काढून फोटो घेतला होता. मग जवळ गेला होता.

हे तो सभेत कधी सांगत नसे.

“जावईबापू…”

“हं.”

“पान तोडलेलं हुतं, का पडलेलं?”

“कुठलं?”

“तिचं.”

निरंजनला प्रश्न लगेच कळला नाही. मग कळला. घरात रोज झाडांबद्दल ऐकणारी पोर. फूलसुद्धा खाली पडलेलंच उचलणारी. तिने हे पान खुडलं असेल? की झाडाखाली सगळी वाळकी, किडकी पानं चाळून, त्यातलं एक बरं पान बाबांसाठी निवडलं असेल?

एका शब्दाने कळलं असतं.

“विचारलंस?” महाराज म्हणाले. अहोजाहो गळून पडलं होतं, आणि निरंजनला ते टोचलंही नाही.

“नाही.”

“ती सांगत हुती?”

“मी… बोलत होतो.”

तो झाडाखाली बसला. आधी नुसता बसला. मग त्याला रडू आलं. चाळिशीच्या माणसाला भर उन्हात, मेहुण्याच्या गावात, हमसून हमसून रडू आलं, आणि त्याने ते आवरलं नाही. त्याला लाज वाटत होती ती रडण्याची नव्हे. त्या दिवशी मागे घेतलेल्या हातांची.

महाराज त्याला समजावायला आले नाहीत. त्यांच्या खडावांचा आवाज ओट्याकडे निघून गेला.

निरंजन परत आला तेव्हा महाराज पुन्हा पानांपुढे बसलेले. तो समोर बसला. एक पान घेतलं, दुसरं घेतलं, काडी टोचली. फाटलं नाही. पण तिकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो सारखा गावाच्या दिशेने पाहत होता.

“महाराज, फटाके आणून देऊ का तिला? एखादी फुलबाजी?”

“मला काय ठावं?”

“पाटी काढून टाकू?”

“पाटीनं काय केलंय?”

“मग पुढच्या दसऱ्याला…”

“पुढच्या दसऱ्याला मी असंन-नसंन,” महाराज म्हणाले. “झाडाला ओरबाडू नगं म्हनतोस ते खरं हाय. पानी जप म्हनतोस ते बी खरं हाय. ते सोडून आलास तर मीच तुला मठाच्या पायऱ्या चढू द्यायचा न्हाई.”

“मग बदलू काय?”

काडी टोचली. मोडली. महाराजांनी पत्रावळ उन्हाकडे धरून पाहिली आणि चळतीवर ठेवली.

…

निरंजनला बसवेना. आणखी थोडा वेळ बसला, मग उठलाच. खाली गावात कुणाच्या तरी अंगणात पोरांचा कालवा चालला होता. किल्ल्यासाठी माती कालवत असतील. त्यात एक आवाज जुईचा असेल का, म्हणून त्याने कान दिला. ओळखू येईना. स्वतःच्या पोरीचा आवाज ओळखू येईना, हे त्याच्या जिवाला फार लागलं.

“निघतो मी. आत्ताच जातो तिच्याकडे.”

“जा.”

“येईल ना ती घरी?”

महाराजांनी पुढचं पान उचललं.

“तिला काय सांगू? आधी माफी मागू का? की आधी पानाचं विचारू?”

महाराज काड्या निवडत राहिले.

त्याने सायकलच्या कॅरियरवरची पिशवी सोडली, उघडून दाखवली. घाईघाईत, लहान मुलासारखं. “हे आणलंय तिच्यासाठी. पाठकोऱ्या कागदांचा आकाशकंदील, घरी मिळून करायला. भाज्यांच्या बिया, परसात लावायला. झाडांच्या गोष्टींचं पुस्तक. रेवतीने करंज्या दिल्यात. लेकराच्या भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून…”

महाराजांनी हात पुढे केला. पिशवी घेतली. आत डोकावूनही पाहिलं नाही. आपल्या मागे, भिंतीला टेकवून ठेवली.

“रिकाम्या हातांनी जा.”